पाठकोरे कागद

माझे आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर शिशाचे खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा वेगाने वाचायची, आणि संध्याकाळी निघताना कटिंग मशिनखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या मालकांना विचारून पिशवीत भरायच्या. त्या पट्ट्यांवर आमच्या घरातले दुधाचे हिशेब, वाण्याच्या याद्या आणि मुलांची पाढ्यांची उजळणी झाली. एका बाजूने छापून वाया गेलेले ताव मिळाले तर त्या दिवशी घरात सणच. पाठकोऱ्या कागदाचा तो गठ्ठा पलंगाखाली ठेवला जाई आणि मे महिन्यापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा माईचा, म्हणजे आजीचा, हुकूम होता.

बाबा, आत्या आणि धाकटा काका यांचं लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर गेलं. मी त्या वाड्यात कधी राहिले नाही. तरी तिथल्या उन्हाळ्यांबद्दल मला स्वतःच्या कित्येक सुट्ट्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण ही तीन भावंडं एकत्र बसली की तेच सांगत, एकमेकांना दुरुस्त करत सांगत. त्यांच्या सांगण्यातला जो भाग तिघांनाही मान्य आहे तेवढाच मी इथे लिहिते आहे.

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की सगळ्यात आधी वह्या व्हायच्या. गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली पानं टाचण्या काढून अलग करायची आणि त्यांचे ढीग लावायचे: दुरेघी, एकरेघी, चौकटी, कोरी. हे काम थोरल्याचं, म्हणजे बाबांचं. आत्या पानं दुमडायची. घडीवर आधी नख आणि मग चमच्याची पाठ फिरवली की घडी कशी धारदार बसते, हे ती आजही कुणी विचारो न विचारो दाखवते. काका चार वर्षांचा. त्याला काम काय द्यायचं? माईने त्याला वजन केलं. दुमडलेल्या पानांच्या चळतीवर पाट ठेवायचा आणि पाटावर त्याने मांडी घालून बसायचं. उठायचं नाही. तो तिथे बसून चिंचोके मोजायचा, आणि आपल्यावाचून वह्या सपाट होणार नाहीत हे त्याला पक्कं पटलेलं होतं.

शिवणीचं काम नानांचं. दाभणाने तीन भोकं, मेण लावलेला दोरा, मधल्या भोकातून सुरुवात आणि मधल्याच भोकात गाठ. खळ माई करायची. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, तो दुधट पांढऱ्याचा काचेसारखा पारदर्शक व्हायला लागला की उतरवायचा आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कसर आणि झुरळं वहीच्या वाटेला जात नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून त्या खळीचा डबा वरच्या फळीवर आणि पोरांचे हात राखेने धुतल्याशिवाय जेवायला वाढणं नाही. पुठ्ठ्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा लावायचा. पण खरी मजा त्याच्याही नंतर. नाना प्रत्येक मुलाचं नाव, इयत्ता आणि विषय छापखान्यात खिळ्यांनी जुळवत आणि फावल्या वेळात मालकांच्या परवानगीने त्यांची चिठोरी छापून आणत. वर्गात डॉक्टरांच्या, वकिलांच्या मुलांकडे दुकानातल्या चकचकीत वह्या असत. स्वतःचं नाव छापलेली वही फक्त कंपोझिटरच्या मुलांकडे. बाबा सांगतात, त्यांना आपण गरीब आहोत हे फार उशिरा, कॉलेजात गेल्यावर कळलं.

वह्या झाल्या की फिरणं. नानांचा नियम असा की रोजच्या वापरातली एक वस्तू मुलांनी निवडायची आणि ती जिथून येते तिथे जाऊन ती होताना पाहायची. याला पैसा लागत नसे, आणि पुण्याच्या पेठांत पायी जाण्याच्या अंतरावर एवढं काही होत होतं की अनेक सुट्ट्या पुरावं. घागर कुठून येते? कसबा पेठेतल्या तांबट आळीतून. तिथे शिरण्याच्या कितीतरी आधी ठोक्यांचा आवाज यायचा. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांच्या पिढ्यांनी तांब्याच्या पत्र्यावर एकाला एक लागून ठोके देत ती चमकदार खवल्यांची नक्षी करायची. तिला मठारकाम म्हणतात, आणि ती नुसती शोभा नसते. ठोक्याठोक्याने पत्रा घट्ट होतो, हे नानांनी मुलांना पत्र्याला हात लावून पाहायला सांगून शिकवलं. सूप कुठून येतं? बुरूड आळीतून. माठ? कुंभारवाड्यातून. आत्या बुरूड आळीतल्या एका बाईंकडे इतके दिवस जाऊन बसली की शेवटी त्यांनी तिला कामट्यांचं छोटं सूप विणायला लावलं. ते तिच्या भातुकलीत होतं. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

एखादी वस्तू आळीतून येत नसेल तर आगगाडी. १९५७च्या मे महिन्यात मुलांनी काच निवडली आणि नानांनी त्यांना पॅसेंजरने तळेगावला नेलं. दशम्या, लसणाची चटणी, मीठ लावलेल्या कैऱ्या आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना: प्रत्येकाने देशी उद्योगांसाठी वर्षाला एक पैसा द्यायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि साठलेल्या पैशांतून १९०८मध्ये हा कारखाना उभा राहिला. नानांनी गाडीत बसल्या बसल्या हिशेब घातला. चौसष्ट पैशांचा रुपया, तर हजार रुपये जमायला माणसं किती? त्याच वर्षी एक एप्रिलला नवे पैसे आले होते आणि रुपयाचे शंभर झाले होते. बाबांनी विचारलं, मग आता जास्त माणसं लागणार का? नाना खूश झाले. उत्तर त्यांनी दिलं नाही, परतीच्या गाडीत मुलांकडूनच काढून घेतलं.

भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा केशरी गोळा घेतो, नळी सतत फिरवत ठेवतो आणि फुंकतो, हे काकाने त्या दिवशी पाहिलं. चार वर्षांच्या मुलाला ते आठवणं शक्य आहे का, असं आत्या दरवेळी विचारते. काका म्हणतो, बाहेर फुटक्या काचेचा ढीग होता, तो मला आठवतो. आणि ते खरं असणार, कारण काच करताना नव्या मालात फुटकी काच घालतात. ती लवकर वितळते आणि सरपण वाचतं. फुटलेली बाटली परत बाटली होऊ शकते, ही गोष्ट त्या मुलांच्या मनात फार खोल गेली. घरी आल्यावर माईच्या फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे जपून ठेवायला सुरुवात झाली. फोटोंना चौकटी करणाऱ्याकडून काचेच्या तीन सारख्या पट्ट्या मागून आणल्या, मागून काळा कागद लावला, त्रिकोणी नळी बांधली आणि एका टोकाला बांगड्यांचे तुकडे घालून शोभादर्शक केलं. आणि मुलांचा स्वतःचा पैसा फंडही निघाला. बिस्किटाच्या डब्याला खाच पाडून आठवड्याला प्रत्येकी एक नवा पैसा. त्यातून पुढच्या उन्हाळ्यात एका दिवसापुरतं आइस्क्रीमचं पॉट भाड्याने आलं. बर्फात खडेमीठ घातल्यावर तो शून्याच्याही खाली कसा गार होतो याचं नानांचं व्याख्यान संपेपर्यंत मुलांनी हँडल फिरवलं.

विकतची मौज अगदीच नव्हती असं नाही. पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी ८ एप्रिल १९५६ला सुरू झाली आणि दर सुट्टीत एक फेरी ठरलेली. एकच. दुसऱ्या दिवशी काड्यापेट्यांचे डबे, पावडरच्या डब्याचं इंजिन आणि सोड्याच्या बिल्ल्यांची चाकं घेऊन ओटीवर तिघांची फुलराणी धावायची, ती मात्र हव्या तितक्या फेऱ्या.

माईबद्दल वेगळं लिहायला हवं. फिरणं नानांचं, गोष्टी नानांच्या, पण हे सगळं चालत होतं ते तिच्या हातांवर. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून संपवायच्या. पापड, सांडगे, बटाट्याचा कीस, शेवया. हे सगळं वर्षभराच्या पोटाचं काम होतं आणि त्यातच ती मुलांना गुंतवत होती. गरम चीक वाटीत तूप घालून खायला मिळायचा, त्या बदल्यात कावळे हाकायचे. तिची धाकटी बहीण बालवाडीत शिकवायची. तिच्याकडून माईने ताराबाई मोडकांबद्दल ऐकलं होतं: बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवली आणि शंख, शिंपले, बिया, दगड, पानं यांवर मुलांना मोजायला, रंग ओळखायला, वर्गवारी करायला शिकवलं. माईला यात नवल वाटलं नाही. काकाच्या हातात चिंचोके आणि वालाचे दाणे तिने आधीच दिले होते. पण एवढ्या मोठ्या बाईंनी तेच केलं, याचा तिला फार आनंद झाला होता, असं आत्या सांगते. मला वाटतं त्या बातमीने तिला जे मिळालं ते घरातल्या कुणी दिलं नव्हतं. तिच्या कामाला त्या घरात काटकसर म्हणत. ते शिक्षणही होतं, हे तिला बाहेरून, कामातच असलेल्या दुसऱ्या एका बाईकडून कळलं.

कल्हईवाला यायचा तोही मेमध्येच. चौकात खड्डा, खड्ड्यात निखारे, चामड्याचा भाता. भाता मारायला पोरांची रांग. तापलेल्या पातेल्यात कथलाचा तुकडा टेकवायचा, नवसागराची पूड टाकायची आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कापसाचा बोळा फिरवला की काळंठिक्कर पातेलं चांदीचं होऊन बाहेर यायचं. माझ्या मुलांना हे सांगताना माझे हात आपोआप फिरतात; मी स्वतः ते लहानपणी पुसटसंच पाहिलं आहे, तरीही.

आता सिनेमा. हा बाबांचा उद्योग. चित्रपटगृहांच्या आसपास फिल्मचे तुकडे विकत मिळत, पाच-सहा चित्रांची पट्टी. फ्यूज गेलेला दिवा मिळवायचा, त्याची टोपी आणि आतली तार अलगद काढायची आणि त्यात पाणी भरायचं. झालं भिंग. खोलीची दारं-खिडक्या बंद. बाहेर चौकात एकाने आरसा धरून ऊन दाराच्या भोकातून आत पाठवायचं, त्या झोतात आधी फिल्म आणि मग दिवा. पलीकडच्या भिंतीवर धोतर. धोतरावर नटी. माई दारात पाण्याची बादली घेऊन बसायची, कारण जुन्या फिल्म नायट्रेटच्या असत आणि त्या एकदा पेटल्या की विझत नाहीत, हे नानांनी तिला सांगून ठेवलं होतं.

पट्टीतली चित्रं हलत नाहीत म्हणून बाबा हिरमुसले, तेव्हा नानांनी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट काढली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आदल्या वर्षी, १९१२मध्ये, फाळक्यांना भांडवल हवं होतं आणि त्यांच्यावर कुणाचा भरवसा बसेना. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वर आला, वेल झाला. मग त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, ती धुण्याचं काम शिकून घेतलं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. भारतातला पहिला मोठा चित्रपट अशा एका घरात, घरच्या माणसांच्या हातांनी झाला, हे सांगताना नानांचा आवाज चढायचा. आत्या म्हणते, ते माईकडे बघून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मातीच्या पणतीत मटकी लावली. छापखान्यातल्या पाठकोऱ्या पट्ट्यांचे सारखे तुकडे केले आणि दर दोन-तीन तासांनी एकाने एक चित्र काढायचं ठरलं. काकाची चित्रं ओळखू येत नाहीत, त्याच्या मटकीला चेहरा आहे. नानांनी ती सगळी चळत एका बाजूने शिवून दिली. अंगठ्याखालून पानं फर्रकन सोडली की मोड वर येतो, पान उलगडतं आणि मध्येच एकदम हसतं. तो चिटुकला गठ्ठा कुठे आहे, तर नाही. तोही गेला.

१९६१च्या मे महिन्यात मुलांनी पाणी निवडलं. वाड्यातल्या नळाचं पाणी खडकवासल्याहून येतं हे माहीत होतं, म्हणून नाना म्हणाले की नळाच्या आधीचं पाणी बघू. पहाटे बसने कात्रज. तिथला तलाव आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत आलेली भुयारी वाहिनी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, १७५०च्या सुमाराची. दगड, विटा आणि चुन्यात बांधलेली, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढी मोठी, आणि तलावापासून पेठांपर्यंत पाणी येतं ते नुसत्या उतारावर. जागोजागी हवेसाठी उच्छ्वास बांधलेले. नानांचा बेत असा की कात्रजहून परत पायी यायचं आणि वाटेत जेवढे उच्छ्वास सापडतील तेवढे हुडकायचे. सातारा रस्त्याच्या आजूबाजूला तेव्हा शेतंच होती. प्रत्येक उच्छ्वासापाशी थांबून मुलं त्यात कान लावत. काका आठ वर्षांचा, अर्ध्या वाटेत त्याचे पाय दुखायला लागले. तेव्हा नाना म्हणाले, पाणीसुद्धा एवढंच चालतं, आणि ते तर जमिनीखालून, अंधारात. बाबा सांगतात, त्या दिवशी संध्याकाळी तिघांनी कात्रजचं पाणी येणाऱ्या हौदावर जाऊन पाण्यात पाय न घालता नुसतं पाहिलं. हौद रोजच्या येण्याजाण्यातला. त्याच्याकडे तोवर कुणी वळून बघितलेलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, १२ जुलैला, बुधवारी सकाळी, पानशेतचं धरण फुटलं. मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नव्हतं. त्या पाण्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं १८७९पासून उभं असलेलं दगडी धरणही फोडलं. नदीकाठच्या पेठांत पाणी घरांच्या माथ्यापर्यंत चढलं, लकडी पूल दिसेनासा झाला. माईने मुलांना घेतलं, देवघरातली पितळी समई घेतली आणि ती उंचावरच्या पेठेकडे निघाली. नाना छापखान्यात होते. चौघांची त्यांची गाठ संध्याकाळी एका शाळेत पडली. घरातलं कुणी गेलं नाही. हे वाक्य आमच्या घरात नेहमी हात जोडून उच्चारलं जातं, कारण शेजारच्या आळीत ते सगळ्यांना म्हणता आलं नाही.

वाडा मातीचा होता, बसला. त्यात भातुकलीतलं सूप गेलं, शोभादर्शक, फुलराणी, हसरी मटकी आणि जूनमध्ये नुकत्याच दप्तरात गेलेल्या त्या वर्षीच्या सगळ्या वह्या. पुढचे दिवस आत्याला आठवतात ते पाण्याच्या रांगांचे. धरणच फुटलेलं, नळ कोरडे. लोक विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे वळले. नाना, बाबा आणि आत्या कळश्या घेऊन कात्रजच्या पाण्याच्या हौदावर जात. रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं, हे पाणी आहे तरी कुठलं, प्यायचं ना? तेव्हा अकरा वर्षांच्या आत्याने त्या बाईंना तलावापासून उताराने येणाऱ्या वाहिनीची सगळी हकिकत सांगितली, उच्छ्वासांसकट. नाना मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी तिच्या डोक्यावरची कळशी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

पाणी ओसरल्यावर माई चिखलातून एकच ओझं घेऊन आली: पलंगाखालचे पाठकोरे कागद आणि वह्या, भिजून एकमेकांत मिसळलेल्या, गाळाने माखलेल्या. नानांनी विचारलं, याचं काय करणार? ती म्हणाली, वाळवणार. पावसाळाभर जिथे जागा मिळाली तिथे चुलीच्या कडेला तिने ते गोळे वाळवले. १९६२चा उन्हाळा त्यांनी गोखलेनगरच्या बाजूला, पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये काढला. पत्रा दुपारी असा तापायचा की हात लावता येत नसे. वर ओलं गोणपाट टाकून खाली बसायचं. फिरायला न्यायला नानांपाशी त्राण नव्हतं, छापखाना चिखलातून वर यायला वेळ लागला होता. त्या वर्षी सुट्टी माईने चालवली. गोळे पुन्हा भिजवले, भिजलेले मेथीदाणे घातले आणि उसन्या आणलेल्या उखळात मुलांकडून आळीपाळीने कांडून घेतले. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो आणि वासाने कीड लांब राहते. पालथ्या पातेल्यावर लगदा थापायचा, तळहाताने सारखा करायचा, उन्हात वाळवायचा, मग अलगद सोडवायचा. त्या पत्र्याच्या उन्हाचा तेवढाच उपयोग झाला.

टोपल्या झाल्या. त्यातली एक माझ्याकडे आहे. पुराच्या गाळाने ती करडी झाली आहे आणि आतल्या बाजूला, काठाजवळ, न कांडलेला एक कपटा तसाच राहिला आहे. त्यावर नानांनी जुळवलेल्या खिळ्यांत आत्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि ‘इयत्ता ५’ एवढं वाचता येतं. मी तिच्यात लसूण ठेवते. काचेच्या कपाटात ठेव, असं मला पुष्कळांनी सुचवलं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलं की मलाही तसंच वाटतं. तिथले दिवे, अडकित्ते, दौती बघताना हे सगळं कुणाच्या तरी हातात होतं हा विचार सोडवत नाही. पण माईने ती लसणासाठीच केली होती.

माझ्या स्वतःच्या लहानपणच्या सुट्ट्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. आम्ही सिंहगडावर जायचो, दही खायचो, ‘किशोर’ वाचायचो. वह्या विकत आल्या. बाबा सरकारी नोकरीत, त्यांना रजा कमी, आणि मला वाटतं आपल्या मुलांना तरी नव्या वह्या मिळाव्यात असंही त्यांच्या मनात असणार. नंतर आयुकातल्या मुक्तांगणात अरविंद गुप्तांची खेळणी पाहिली, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांधे, तेव्हा बाबा तिथल्या बाकावर मुलांच्या मध्ये जाऊन बसले आणि उठेनात. त्या वर्षीपासून मे महिन्यात वह्या शिवणं आमच्याकडे परत सुरू झालं. आता पानं दुमडायला माझी मुलं असतात. आत्या पंचाहत्तरीची आहे. तिला हल्लीचा दोरा पसंत नाही. फार गुळगुळीत, गाठ धरत नाही म्हणते, आणि मुलांना तो मेणबत्तीवरून ओढायला लावते. खळीत मोरचूद मात्र आम्ही घालत नाही. धाकटी अजून सगळं तोंडात घालते.

या वर्षी काकाने सिनेमाचा घाट घातला. फिल्म मिळत नाही, फ्यूज जायला तसले दिवेही उरले नाहीत. त्याने लोणच्याची गोल बुटकी काचेची बरणी काठोकाठ पाण्याने भरली आणि साडीच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून मुलांच्या हातात स्केचपेनं दिली. मुलांनी फुलराणी काढली. आरसा धरायला मी बाल्कनीत. आत पडद्यावर गाडी उमटली ती चाकं वर करून. भिंगातून चित्र उलटंच पडतं, असं म्हणून काका पट्टी फिरवून धरायला गेला, तोवर धाकटीने आपल्या परीने उपाय केला होता. ती भिंतीला पाय लावून डोक्यावर उभी राहिली होती. काकाने पट्टी फिरवली, गाडी रुळांवर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खालून तिचा आवाज आला, “काकाआजोबा, आत्ताच तर बरोबर दिसत होती! परत करा ना तशी.”